वीस कसोट्या आणि एक निळी दोरी

शिरगाव, बुधवार

तीर्थरूप दामूमामांस,

निमेशचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा मोबाइल बोटीवरून समुद्रात गेल्याचं कळलं, म्हणून हा कागद.

कंबर बोंबलांनी घेतली. शेजारच्या रखमाकाकूंवर छाप पाडायची होती (त्यांची मुलगी पूर्वी; जास्त काय सांगू). मी पडलो बोईसरच्या कारखान्यातला प्रयोगशाळावाला. म्हटलं, काकूंचे बोंबील कशाने चांगले वाळतात ते शास्त्राने शोधू. महिनाभर वही घेऊन त्यांच्या वलांडीच्या बांबू-दोऱ्यांखाली, वाळत्या बोंबलांशेजारी उभा राहिलो. दोरीचा रंग, टांगायचा वार, बांबूंची दिशा, काकूंनी चहा आधी घेतला की नंतर, अशा वीस गोष्टी तपासल्या. एकोणीस फुसक्या निघाल्या, निळी दोरी मात्र पास! नुसत्या योगायोगाने असं घडण्याची शक्यता विसात एकाहून कमी. अख्ख्या आळीत मिरवलो. काकूंनी बिचाऱ्यांनी सगळ्या दोऱ्या काढून नव्याकोऱ्या निळ्या नायलॉनच्या बांधल्या. बोंबील जोडीने, जबड्यात जबडा अडकवून टांगतात, हे तुम्हाला काय सांगायचं! दोरी गुळगुळीत, वारा सुटला तसे सगळे घसरून मधोमध गोळा झाले आणि कुजले. काकूंचा आठवड्याचा माल गेला, तो उपसताना माझी कंबर गेली.

अक्कल नंतर आली. एकेका कसोटीत फसायची शक्यता विसात एक, मग वीस कसोट्या लावल्यावर एखादी फुकटची पास व्हायचीच शक्यता जास्त. अशा वेळी पास व्हायची अट वीसपट कडक करायची असते. (कारखान्यात हाच धडा मी शिकवतो. पगार घेऊन!) काकूंना समजवायला गेलो तर म्हणाल्या, "वीस ठिकाणी जाळं टाकलंस, एकात मासळी घावली, नि सांगत सुटलास का मासळी तितंच हाय. आमाला नाय समजत व्हय रे?" मेल्याहून मेल्यासारखं झालं, मामा.

आपला भाचा,
निमेश

ता.क. खरं काम हे, की रविवारी नारळ घेऊन या आणि काकूंकडे पूर्वीला माझ्यासाठी मागणी घाला. तिने विचारलं, "माज्या आदी किती पोरी तपासल्यास?" मी म्हटलं, आधीपासून ठरवून एकच प्रश्न विचारला की अट कडक करावी लागत नाही, आणि माझा प्रश्न पहिल्यापासून तूच. पाम, तारापूर ही गावं धरून आपण सात घरी कांदेपोहे खाल्ले, तेवढं तिथे बोलू नका.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवण्याआधी पूर्वीने पत्र वाचलं. म्हणते, "सात नाय, नऊ. मामांना येऊ दे. पण अट नऊपट कडक. उद्यापासून नऊ दिवस आयेच्या वलांडीवर बोंबील तूच टांगायचेस." नारळाबरोबर कंबरेचं मलमही आणा.