मामांच्या जबड्यात बोट

शुक्रवार, ता. ९. सकाळी साडेसातला वर्ग. दहाला प्रात्यक्षिक परीक्षा, तीत नापास. अकरा ते सव्वाबारा उजवा हात अडकलेला. दोनला घरी, जेवण. आता साडेतीन.

ती. आत्यास,

इथूनच वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा चष्मा सापडला का? (फ्रीजवर बघ. मागच्या वेळी तिथेच होता.) मी बरी आहे. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं म्हणते, आणि आजची हकिकत हं हं मध्ये मावणारी नाही. रागावू नकोस. बाबाच म्हणायचे, ताईचा फोन आला की अधूनमधून कान बदलावा.

मी नर्सिंगच्या पूर्वतयारी वर्गाला बसते हे तुला माहीत आहे, पण तिथल्या बाईंविषयी मी मुद्दाम काही कळवलं नव्हतं. त्या पूर्वी मोठ्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या. मुली त्यांना घडीबाई म्हणतात, कारण त्यांना जगात प्रत्येक गोष्टीची घडी लागते. चादरीची, टॉवेलची, रजेच्या अर्जाचीसुद्धा. (अर्ज चार घड्यांचा दिला तर रजा नाही, तीन घड्यांचा दिला तर विचार करू.) पन्नास मुलींत तिशी ओलांडलेली मी एकटीच, त्यामुळे बाकीच्यांना त्या 'ए मुली' म्हणतात आणि मला 'अहो तुम्ही', आणि त्या 'अहो'ची मला जास्त भीती वाटते. प्रात्यक्षिकाच्या तीन संधी असतात. तिन्ही गेल्या की नाव कमी. पहिली संधी मी गेल्याच महिन्यात घालवली.

आमचा पेशंट प्लास्टिकचा आहे. पूर्ण उंचीचा, कायम डोळे उघडे, डावा हात जरा सैल. सगळ्या वर्गाचे ते मामा. पहिल्या परीक्षेत मी मामांना कुशीवर वळवलं, चादर बदलली, एक सुरकुती ठेवली नाही. घडीबाईंनी पट्टी लावून कोपरे मोजले, खूश झाल्या, आणि नापास केलं. का, तर मी तोंडातून एक शब्द काढला नाही. पेशंटला आधी सांगायचं असतं, आता आम्ही तुम्हाला वळवणार आहोत वगैरे. मी म्हटलं, बाई, प्लास्टिकशी काय बोलायचं? त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही माणसांशी तरी कुठे बोलता!" हे खोटं नव्हतं. बाबा गेल्यापासूनच्या चार महिन्यांत मी दूधवाल्याशी सोडून कुणाशी सलग दोन वाक्यं बोलले असेन असं वाटत नाही. (दूधवाल्याशी दोन बोलले, कारण दूध फाटलं होतं.)

म्हणून आज बोलायचंच असं ठरवून गेले. आज चादर आणि गोळी असं दोन्ही होतं. गोळी म्हणजे शर्टाचं बटण. मामांचा जबडा स्प्रिंगचा आहे, पेशंटचे दात घासायला शिकवण्यासाठी. मी सुरुवात केली, नमस्कार, मी तुमची चादर बदलणार आहे. घडीबाईंनी मान डोलावली. मला हुरूप आला. पुढे काय झालं ते नीटसं सांगता येत नाही, पण चौदा महिने ज्या माणसाशी रोज बोलले त्याच्याशी बोलतात तशी मी बोलायला लागले. जरा सरका. नुसते छताकडे काय बघता, तिथे काही लिहिलंय का? पाय उचला, माझ्याच्याने एकटीने व्हायचं नाही. गोळी घ्या, तोंड वाकडं करू नका, मी बनवलेली नाहीये ती. मागे मुली फिदीफिदी हसत होत्या म्हणे, मला ऐकूच आलं नाही. बटण भरवलं, चमच्याने पाणी दिलं, आणि सवयीने म्हटलं, आता गाल दाखवा. बाबा गोळी गालात धरून ठेवायचे हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. मान डोलावून 'गिळली' म्हणायचे आणि संध्याकाळी ती कुंडीत सापडायची. तर मी डाव्या गालात बोट घातलं, आणि मामांनी जबडा मिटला.

लोक आश्चर्याने स्वतःच्या तोंडात बोट घालतात, मी दुसऱ्याच्या घातलं एवढाच फरक. मी ओढलं. घडीबाईंनी मला ओढलं. दोन मुलींनी मामांचे पाय धरले. कट्कन् आवाज आला आणि मान निघाली. आता माझ्या हाताला मामांचं डोकं लटकत होतं आणि ते माझ्याकडेच बघत होतं. घडीबाईंनी टॉवेल घेतला, नीट तीन घड्या घातल्या, डोक्यावर टाकला आणि म्हणाल्या, "पेशंटला असं उघड्यावरून नेत नाहीत. चला."

वर्कशॉप इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत ऑफिस. तिथे नवीन प्रवेशाची रांग लागली होती. टॉवेल घसरला. एक वडील मुलीचा हात धरून आले होते, ते तसेच मागे वळले. मला हसू यायला लागलं आणि थांबेचना. मी हसले की डोकं हलायचं, डोकं हललं की मान डोलावल्यासारखं दिसायचं. घडीबाई पुढे बघून चालत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. (शपथ घेऊन सांगणार नाही.)

सुतारकाकांनी करवत हातात घेऊन विचारलं, "कुणाला वाचवू? पोरीला की मामांना?"

"मामांना," घडीबाई म्हणाल्या. "ते एकच आहेत. या पन्नास आहेत."

शेवटी स्प्रिंग काढली, साबणाचं पाणी ओतलं आणि आम्ही दोघं सुटलो. बोट वांग्यासारखं झालं आहे, म्हणून अक्षर असं. स्प्रिंग निघेपर्यंत मी आणि घडीबाई बाकावर बसलो होतो. त्यांनी विचारलं, कोण लपवायचं गोळ्या? मी म्हटलं, वडील. त्या म्हणाल्या, आमच्याकडे उशीच्या अभ्र्यात निघाल्या, सदतीस. कुणाच्या ते मी विचारलं नाही. मग उठल्या, वही उघडली आणि मला नापास केलं. शेरा असा: बोलणे चांगले. पेशंटच्या तोंडात बोट घालू नये.

असो. काकांना नमस्कार. पत्र फार लांबलं.

तुझी भाची

ता.क. शेवटची संधी पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला आहे. मामा दुरुस्तीला गेले आहेत. घडीबाई म्हणाल्या, तुम्हाला जिवंत पेशंटच पाहिजे, घरचं कुणीतरी आणा. मी हो बाई म्हणून बसले. घरी कुणी नाही हे तिथे सांगवेना. तू येशील का? नुसतं पडून राहायचं आहे.

ता.क. दुसरा. मी घाबरत विचारलं, पेशंट जरा बडबड्या असला तर चालेल का? त्या म्हणाल्या, उत्तम, जिवंत माणसाशी बोलणंच तुमचं राहिलंय. तेव्हा तोंड बांधून यायची गरज नाही. मात्र कुशीवर वळवताना तुला गुदगुल्या होतात हे मला ठाऊक आहे. तेवढं घरून हसून ये.

ता.क. तिसरा. गुडघ्याने जमणार नसेल तर संकोच करू नकोस, मी शेजारच्या शिंपीकाकूंना विचारीन.

ता.क. चौथा. शिंपीकाकूंना मी विचारणार नाही. तू ये. बुधवारीच ये. बाबांच्या खोलीतली गादी उन्हात टाकली आहे, ती तुझ्यासाठी.

टपालपेटी पाचला उघडतात, त्याआधी खाली जायला हवं. युनिफॉर्म बादलीत भिजतो आहे, तेवढा पिळून वाळत घालते.