हौसाच्या तोंडी परीक्षेबद्दल तुम्ही सांगितलं नाहीत

अहो,

पत्राच्या वरसुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाही. चौदा वर्षं 'अहो' म्हटलं, आता काय नवं म्हणू?

लिहायचं कारण आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, 'मुद्द्यावर ये.' काल हौसा आली होती, दवाखान्यातून मेट्रनबाईंचा निरोप घेऊन. नर्सिंगच्या नव्या मुलींना सोमवारपासून हृदयाचा आणि रक्ताभिसरणाचा धडा मी शिकवावा, इंग्रजीतून. तुमच्या जागी आलेले डॉक्टर फळ्यावर एक आकृती काढतात आणि घड्याळ बघत निघून जातात. मुली रडकुंडीला आल्यात म्हणे.

म्हणून सकाळपासून तुमची वही घेऊन बसलेय. डॉक्टर, हे अक्षर आहे की शाईत पाय बुडवून कोंबडी चालून गेलीय? एका पानावर हृदय काढलंय, त्याला बाण दिलेत, आणि बाणांवर जे लिहिलंय ते तुमच्याखेरीज कुणाला वाचता आलं नसतं. तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. आता विचारू कुणाला?

पण नुसत्या अक्षरासाठी मी एवढी चिडले नसते. चिडले ती हौसानं काल जाता जाता जे सांगितलं त्यानं. ते येईल पुढे. आधी मला माझ्या मनासारखं भांडू द्या.

आठवतंय, हे सगळं सुरू कसं झालं? कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. तुम्ही दुपारी घरी आलात आणि टोपी खुंटीला न अडकवता बाकावर आपटलीत. "या पोरींना हार्ट आणि हर्ट यातला फरक कळत नाही! काय लिहिलंय बघ. द हर्ट हॅज फोर रूम्स! दुखापतीला चार खोल्या!"

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "खोल्या म्हणजे तेच ना? तुम्ही चेंबर म्हणता, त्या रूम म्हणाल्या. अर्थ कळलाय की त्यांना."

"मग तू शिकव!"

रागाच्या भरात बोललात तुम्ही. पण मी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचं पातळ नेसून, छत्री घेऊन, दवाखान्याच्या पायऱ्या चढले, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! बी.ए. झालेली बायको करून आणलीत, लोकांना कौतुकानं सांगितलंत, आणि लग्नानंतर त्या बी.ए.चा उपयोग काय, तर तुमच्या आईला आलेल्या तारा वाचून दाखवणं. मी तर वाटच बघत होते, कुणीतरी चुकून 'शिकव' म्हणण्याची.

सहा मुली होत्या. मराठी सातवी झालेल्या, इंग्रजीची मुळाक्षरं दवाखान्यात आल्यावर गिरवलेल्या. आणि पेपर इंग्रजीतून, तोंडीसुद्धा इंग्रजीतून. हौसा त्यातली सगळ्यांत थोरली, राधानगरीकडची. एकदा नापास झालेली. या खेपेला नापास झाली की भाऊ येऊन घेऊन जाणार, आणि आणाज गावच्या एका बिजवराशी लग्न लावणार, असं ठरलेलं. तो बिजवर तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता.

पहिल्याच तासाला मला वाटलं, इंग्रजी अवघड जातंय तर आधी मराठीतून समजावू. पुस्तकातले रक्तवाहिन्यांचे मराठी शब्द फळ्यावर लिहिले. रोहिणी. नीला. हौसानं हात वर केला.

"बाई, ह्या दोघी कोण?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खरंच, तिच्या दृष्टीनं आर्टरी काय आणि रोहिणी काय, दोन्ही परक्या घरच्याच. ती म्हणाली, "रगत कुठनं जातंय आन् कुठनं येतंय, त्ये म्हाईत हाय मला. डाक्टरांनी सांगितलं तवाच कळलंय. आपल्या बोलीत इचारा, आत्ता सांगतो की! पर विंग्रजीत तोंडच उघडंना."

संध्याकाळी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाहीत. "परीक्षक बोलीत विचारणार नाही." एवढंच. किती राग आला होता मला!

मग तो रविवार. काळजाचा रविवार!

मला वाटलं, मुलींच्या हातात खरं हृदय द्यावं, म्हणजे शब्द जिभेवर बसतील. मटण नेहमी तुम्ही आणायचात, पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही शंभर फाटे फोडले असते. मी स्वतः गेले पिशवी घेऊन. दुकानदाराला म्हटलं, "बोकडाचं काळीज द्या, अख्खं." तो म्हणाला, "अख्खं? पावणं आल्यात जणू, वैनी!" आणि तपकिरी, चकचकीत गोळा पानात गुंडाळून दिला.

सहाजणी आपल्या परसात गोल करून बसल्या. मी पान उघडलं आणि मोठ्या आवाजात म्हटलं, "धिस इज द हार्ट!"

पाचजणी म्हणाल्या, "धिस इज द हार्ट." हौसा गप्प.

"काय गं?"

"बाई, ह्येला काळीजच म्हणत्यात, व्हय. पर ह्ये धडधडत न्हाय. आमी ह्ये तव्यावर परततो."

तेवढ्यात तुम्ही मागच्या दारात! कधीपासून उभे होतात कोण जाणे. "इंग्रजीच्या बाई," तुम्ही म्हणालात, "ते लिव्हर आहे!" आणि हसलात, तेही कसे, चौकट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सहा मुलींसमोर.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? सगळं कोल्हापूर म्हणतं काळीज धडधडलं, काळजाचं पाणी झालं, आणि खाटकाकडे काळीज मागावं तर भलतंच निघतं! ही भाषा मी केली का? मी पान गुंडाळलं. वाटलं, पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही.

मी आत जाणार, तोवर तुम्ही माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि तडक बाहेर पडलात. अर्ध्या तासानं आलात. "दिल म्हणतात त्याला दुकानात," एवढंच पुटपुटलात. बाह्या सरसावून मुलींच्या गोलात खाली बसलात, स्वयंपाकघरातली सुरी मागून घेतलीत. माझी भाजीची सुरी! तीही विचारली नाहीत.

पण खरं सांगते, त्या तासासारखा तास मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही काप घेत होता आणि साध्या मराठीत सांगत होता, "इथून मळकं रक्त आत येतं. ही झडप बघ, बोट घाल. एकाच बाजूनं उघडते." आणि मी लगेच इंग्रजीत म्हणत होते, तीन-तीन, चार-चार शब्दांची वाक्यं. द ब्लड कम्स इन. द डोअर ओपन्स. द डोअर शट्स. द ब्लड कॅनॉट गो बॅक. मुली मागून म्हणत होत्या. हौसानं त्या झडपेतून करंगळी घातली, उलट बाजूनं ढकलून बघितली, आणि कुणी न विचारता ओरडली, "कॅनॉट गो बॅक, बाई! कॅनॉट गो बॅक!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. तुम्ही म्हणालात, "हात धुवायला पाणी दे."

पाणी!

आणि पुढच्या आठवड्यात मेट्रनबाई मला म्हणतात, "डॉक्टरांनी शिकवायची नवी पद्धत काढलीय म्हणे, छानच!" डॉक्टरांनी! मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलंत, "घसा बसलाय का तुझा?"

परीक्षेच्या दिवशी मला दवाखान्यात यायची परवानगी नव्हती. मी घरी तांदूळ निवडत बसले होते, एकच सूप तीनदा निवडलं. तुम्ही आलात, चपला काढल्यात.

"झाली पास," म्हणालात.

"कोण?"

"हौसा. सगळ्याच." आणि जरा थांबलात.

मी काय म्हटलं, आठवतं? "मग काय, तुमच्या नव्या पद्धतीनं झाल्या!" तुम्ही मग हसलात आणि तोंड धुवायला गेलात. झालं. त्यानंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही. हौसा पास झाली, तिचा भाऊ परत गेला, ती दवाखान्यातच नोकरीला लागली, आपल्या संसारात इतर शंभर गोष्टी झाल्या.

आणि काल, पाच वर्षांनी, ती हौसा दारात चपला घालता घालता मला म्हणते, "बाई, डाक्टरांनी त्या दिवशी भांडण केलं नसतं तर मी आज आणाजात असतो."

"कसलं भांडण?"

तिनं घातलेली चप्पल पुन्हा काढली. "तुमास्नी सांगितलं न्हाय?"

मग तिनं सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला भरभर इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न विचारला. तिला त्यातला एक शब्द कळला नाही. ते म्हणाले, नेक्स्ट. ती उठायला लागली. तेव्हा शेजारी दुसरे परीक्षक म्हणून बसलेले तुम्ही म्हणालात, "बस खाली. हौसा, व्हेअर डझ द ब्लड गो?"

परीक्षक चिडले. प्रश्न बदलता येणार नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, प्रश्न तोच आहे, फक्त माणसाला समजेल असा विचारलाय. ते म्हणाले, हे काही कॉलेजचं इंग्रजी नव्हे. त्यावर तुम्ही मराठीत, सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं म्हणालात, "हे माझ्या बायकोनं शिकवलेलं इंग्रजी आहे. तिनं शिकवलं तेव्हा यांना हृदय कळलं. मी दोन वर्षं ओरडत होतो, माझ्याच्यानं झालं नाही. हौसाला उत्तर देऊ द्या, नाहीतर ही परीक्षा मी घेणार नाही."

मग हौसा बोलली. छोटी छोटी वाक्यं. शरीरातून हृदयात, तिथून फुफ्फुसात, परत हृदयात, पुन्हा सगळ्या अंगात. एकही पायरी चुकली नाही. परीक्षक ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "करेक्ट."

अहो, हे मला का नाही सांगितलंत?

परक्या माणसासमोर बोललात, सहा मुलींसमोर बोललात, आणि घरी येऊन काय, तर 'झाली पास'! अशा एका वाक्याची मी किती वाट बघितली असेल, तुम्हाला कल्पना आहे? रक्ताचा थेंब अंगातून कुठून कुठे जातो ते तुम्हाला तोंडपाठ होतं, आणि एक चांगलं वाक्य दवाखान्यातून मंगळवार पेठेतल्या आपल्या घरापर्यंत आणता आलं नाही?

काल रात्री जेवले नाही मी. आधी तुमच्यावर रागावले होते. मग 'झाली पास' म्हणून थांबला होतात तो क्षण आठवला. बहुतेक सांगणारच होता तुम्ही. ओठांवर आलं होतं. आणि मी मध्येच टोमणा मारला. असंच झालं ना? की मीच स्वतःचं समाधान करून घेतेय? तुम्ही तर आता उत्तर देणार नाही. भर पावसात राधानगरीच्या शिबिराला छत्री न घेता गेलात, भिजून आलात, "साधा ताप आहे, डॉक्टर मी आहे की तू?" म्हणालात, आणि आठव्या दिवशी मला टाकून गेलात. तेव्हाही माझं ऐकलं नाहीत!

बरं, आता ऐका. सोमवारी मी जाणार आहे. हौसा मदतीला येतेय. या खेपेला दुकानात काय मागायचं ते मला माहीत आहे. मुली आठ आहेत, एक कोडोलीची आहे, ती म्हणे वर्गात तोंडच उघडत नाही. शब्द देते तुम्हाला. ती पहिलं वाक्य बरोबर बोलेल, तेव्हा मी 'छान' म्हणेन. तिथल्या तिथे, तिच्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घरी न्यायला ठेवणार नाही.

आणि तुम्ही तेव्हा जे बोललात ना, तेही छान होतं. फार छान होतं. उशिरा का होईना, मी म्हटलं.

तुमचीच,
सुमती