शनीवर झाडलेल्या गोळ्या

शनिशिंगणापूर
१२ जानेवारी २०२५, रविवार

ती. कल्याणदादास,
सिंधूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे. थंडीमुळे रसवंतीला गिऱ्हाईक कमी. आईची तब्येत वयाप्रमाणे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वाचायचं की फाडायचं, तुझं तू ठरव.

मामाने मस्कतहून आणलेला कॉम्प्युटर आठवतो का, हे विचारणंच मूर्खपणाचं. टीव्हीला जोडायचा, टेपमध्ये कॅसेट घालायची, पाच मिनिटं तिची किरकिर ऐकायची, मग यान उडायचं. घराला दार नाही, त्यामुळे अर्धी आळी बघायला आत. शेवटी भोवती कडं असलेला ग्रह यायचा आणि तू त्यावर गोळ्या झाडून ओरडायचास, "शनीला उडवला!"

आपल्या गावात हे ओरडायला अक्कल गहाण टाकावी लागते. पण पंधरा वर्षांचा होतास.

शेजारच्या बनुबाईंनी ते आईच्या कानावर घातलं. त्याच आठवड्यात नाना मोटारसायकलवरून पडून गेले. पुढचं आपण कधी बोललो नाही, आज लिहिते. तेराव्याला भरल्या घरात आई तुला म्हणाली, "तुझ्या गोळ्यांनी माझं कुंकू पुसलं." तू मामाकडे गेलास तो गेलासच. लग्नालाही तिला बोलावलं नाहीस. मला तिचा राग आला, तसा तुझाही. अजून आहे.

तर झालं असं. परवा टीव्हीवर जुन्या खेळांचा एक व्हिडिओ लावला, त्यात नेमका तोच खेळ. आई खाटेवरून म्हणाली, "थांब. ह्योच का त्यो?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिने तो खेळ कधी पाहिलाच नव्हता. आपण खेळायचो तेव्हा ती चुलीपुढे असायची. बनुबाईंनी सांगितलं, तिने मानलं.

ग्रह आला. चार चौकोनी ठिपके आणि मधून एक रेघ.

"ह्यो शनी?"

"हो."

"ह्यो तर बटनाएवढा हाय गं."

टीव्ही बंद करायला लावला. जेवलीही नाही.

एक गोष्ट तुला कळवू नको म्हणून तिने मला शपथ घातली होती. तू गेल्यापासून दर शनिवारी ती शनीच्या चौथऱ्यापाशी तुझ्या नावाने तेल देते, महाराजांनी तुला माफ करावं म्हणून. तापातसुद्धा चुकवलं नाही. काल मी बाटली हातात दिली, तर तिने ती फळीवर परत ठेवली.

"माझ्या लेकानं केलंय काय, म्हनून त्याच्यासाठी माफी मागू? माफी मागायचीय ती मला. अन् ती देवाकडं न्हाई. कल्यानला लिही."

लिहिलं. तिला आता प्रवास झेपत नाही, म्हणून तुलाच यावं लागेल. तिला काही बोलायला लावू नकोस, दादा. नुसता येऊन जवळ बस.

तुझी,
सिंधू