नदीच्या या काठावर

प्रिय उत्तराताई,

फोनवर मी नुसतं ‘तिकीट बघते’ म्हणत राहिले. तू नागपुरात आईच्या आयसीयूबाहेर उभी होतीस, मागे कुणीतरी रडत होतं. मला पुढे बोलवेना, म्हणून लिहितेय.

अनिकाची केमो चालू असते तेव्हा मी तिच्या उशाशी बसून एक जाडजूड पोलिश कादंबरी वाचते, इंग्रजीतली. वॉर्डात मुलांना गोष्टी सांगायला नव्वदीच्या हालिनाआजी येतात, त्यांनी दिली. त्या पोलिशच, इथे शिकागोत त्यांच्याकडचे लोक पुष्कळ. युद्धाची कादंबरी, पण लढाया फारशा नाहीतच. वॉर्सा जळतंय. व्हांदा नावाची बाई लेकराला घेऊन नदीच्या एका काठावर अडकलीय, आई दुसऱ्या काठावर. पूल उडवलेत. व्हांदा बटाटे सोलते, लेकराला न्हाऊ घालते आणि समोरचा धूर आपल्या गल्लीतला तर नाही ना, ते बघत राहते. मी आजींना विचारलं, “शेवटी भेटतात ना?” त्या म्हणाल्या, “पुस्तकातलं तू वाच. मला माझी आई पुन्हा दिसली नाही.” आणि अनिकाची टोपी सारखी करत बसल्या.

ऋषीची नोकरी गेली ते तुला ठाऊक आहे. नवी मिळाली, पण आम्हा तिघांच्या व्हिसाचा अर्ज अडकलाय, हे मी लपवलं. वकीलबाई स्पष्टच म्हणाल्या, “आत्ता देश सोडलात तर परत येता येईल असं समजू नका.” अनिकाला सोबत आणावं, तर तिचे उपचार अर्ध्यावर आहेत, डॉक्टर विमानाचं नावही काढू देत नाहीत. ती रोज विचारते, “आई, आर यू गोइंग टु नागपूर?” मी नाही म्हटलं की माझा हात धरून झोपते.

शुद्धीत होती तेव्हा आई फोनवर एवढंच म्हणाली, “पोरीचे केस आले का गं?” मी खोटंच हो म्हटलं.

तू डॉक्टरांना सांगितलंस, ‘धाकटी येऊ दे, मग मशीन काढा.’ ताई, मी येणार नाहीये. माझ्यासाठी आईला असं अडकवून ठेवू नकोस. मशीन काढायला सांग. अग्नी तूच दे. आणि व्हिडिओ कॉल लावू नकोस गं, मी अनिकाजवळ असेन, तिच्यासमोर मला रडता येत नाही.

तुझीच,
लतू