कोल्ड मार्स्टनची खबरबात

हमरिया, मस्कत
२७ मार्च २००७

प्रिय इलेन,

“पोचलो असं लिही.” तुझ्या डॅडींनी मला हे सांगितलं त्याला या महिन्यात तेरा वर्षं झाली. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. मी त्याच संध्याकाळी तुला आणि आजीला पत्र लिहिलं. आजीने ते आळीत सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग तसबिरीच्या मागे खोचून ठेवलं. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत. डॅडी सुखरूप पोचले. गावाचं नाव कोल्ड मार्स्टन. घरं दगडाची आहेत. थंडी फार आहे. शिकायला लेस्टरला जाऊन तुला थोडेच महिने झालेत. परवा तुझा फोन आला आणि तू म्हणालीस, ईस्टरनंतरच्या शनिवारी मी लेस्टरहून बस पकडून कोल्ड मार्स्टनला जाणार, डॅडींना सांगू नकोस, सरप्राइज आहे. मी बरं म्हटलं. जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा नंबर फिरवला आणि दोन्ही वेळा पुन्हा तेच विचारलं. “मम्मी, इथे दुपारचे तीन वाजलेत, किती वेळा जेवू?” म्हणून तू हसलीस. तोंडाने जमत नाही असं दिसलं, म्हणून लिहिते आहे. चर्चमधली अ‍ॅश्ली शुक्रवारी लंडनला निघते आहे, ती हे तिकडच्या पोस्टात टाकेल. तू बसमध्ये चढायच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं.

तू तिथे उतरलीस तर काय दिसेल ते मी तुला सांगू शकते. गावात रस्ता एकच. दोन्ही बाजूंना शिळ्या भाकरीच्या रंगाची दगडी घरं, दारं इतकी बुटकी की उंच माणसाला वाकून आत जावं लागतं. रस्त्याच्या एका टोकाला चर्च आहे, त्याचा मनोरा चौकोनी आहे, आणि आवारातली थडगी तीन-तीनशे वर्षांची आहेत. आपल्याकडे पाच-सात वर्षांनी खड्डा दुसऱ्याला देतात, तिथे कोणी कोणाला हलवत नाही. फादर एकच, त्यांच्याकडे पाच गावं, म्हणून मिस्सा दर तिसऱ्या रविवारी, आणि तेव्हाही सात-आठ डोकी. बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असते, त्यामुळे शनिवारी तुला मोठ्या रस्त्यावर उतरून दोन मैल चालावं लागेल. शेतांना झुडपांची कुंपणं आहेत. हिवाळ्यात त्यांच्या फांद्या बुडाशी अर्ध्या कापतात आणि आडव्या विणतात. मेली असं वाटतं, पण एप्रिलमध्ये फुटतात. मार्चमध्ये मेंढ्या वितात. जे कोकरू धड उभं राहत नाही त्याला शेतकरी घरात आणून खोक्यात, चुलीजवळ ठेवतो. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि मग काळे पक्षी एका मोठ्या झाडावर येऊन बाजार भरल्यासारखे ओरडतात. हे सगळं मी तुला लिहिलेलंच आहे, डॅडींची हकीकत म्हणून. इलेन, यातलं मी काही पाहिलेलं नाही. तुझ्या डॅडींनीही पाहिलेलं नाही. ते तिथे नाहीत. ते कधीच तिथे नव्हते.

तू हे वाचून कागद खाली ठेवला असशील तर पुन्हा उचल. पुढचं फार मोठं नाही. इथे मस्कतलाच, कुरुममध्ये हॉलिससाहेबांच्या घरी डॅडी पाच वर्षं कुक होते. साहेब रिटायर होऊन आपल्या गावी, कोल्ड मार्स्टनला निघाले, गावातला पब त्यांनी चालवायला घेतला आणि मिसेस हॉलिस म्हणाल्या, विल्सन, तू ये, आमच्या लोकांना शुक्रवारी करी करून घाल. आधी व्हिजिट व्हिसावर ये, बाकीचं इथे आल्यावर बघू. डॅडी निरोप घ्यायला वसईला आले ते तुला आठवत असेल. फादरनी वेदीवरून त्यांच्यासाठी प्रार्थना सांगितली. बॅंड लावला होता. आळीतलं लंडनला जाणारं ते पहिलं माणूस. त्यांच्या गळ्यात हार आणि कडेवर तू, असा फोटो आहे, तुझे पाय त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबताहेत. इतकी मोठी मुलगी कडेवर घेऊन ते चर्चपासून घरापर्यंत चालले. मग मस्कतला येऊन त्यांनी बॅग भरली. कुक आपल्या सुऱ्यांशिवाय कुठे जात नाही, दुसऱ्याच्या सुरीने त्यांना साधा कांदाही कापवत नसे. सात सुऱ्या कापडात गुंडाळून घेतल्या, आणि आजीने कुटलेल्या मसाल्याच्या चार बाटल्या. मीच त्या बाटल्यांना प्लास्टिक बांधलं. तिकडच्या विमानतळावर ऑफिसरने बॅग उघडली आणि विचारलं, फिरायला आलेला माणूस सात सुऱ्या आणतो? डॅडींना खोटं बोलता आलं नाही. ते म्हणाले, सर, दीज आर माय हॅण्ड्स. मिसेस हॉलिस बाहेर चार तास घोंगडी घेऊन उभ्या होत्या, आणि आतून डॅडींना परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले आणि दार उघडलं, तर हमरियाच्या जिन्यात, एवढ्या उकाड्यात, अंगात ओव्हरकोट घातलेले डॅडी. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, “पोचलो असं लिही.” मला वाटलं, महिन्याभराची गोष्ट आहे. दुसरा व्हिसा मिळेल. मिळाला नाही. तोवर मी तुम्हांला तीन पत्रं लिहिली होती.

हमरियात राहणं शक्य नव्हतं. खाली उतरलं की वसईचा माणूस भेटणार, आणि शुक्रवारी, इथल्या सुट्टीला, रुवीच्या चर्चमध्ये तर निम्मी आळी. म्हणून डॅडी दोन तासांवरच्या रुस्ताकला गेले. तिथे बाजाराजवळ शरीफभाईंचं छोटं हॉटेल होतं. शरीफभाई राजापूरचे, त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण डॅडींचं नाव ‘लंडन’ ठेवलं. “ए लंडन, कांदा संपला.” “लंडन, यल्ला, लवकर, चार पराठे.” पुढे पुढे तिथले ओमानी म्हातारेसुद्धा त्यांना लंडन म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे. नाताळला ते तुला रुस्ताकहूनच फोन करायचे, अझानची वेळ टाळून, आणि तेवढा वेळ शरीफभाई मिक्सर बंद ठेवायचे. तू पाठवलेली पत्रं मी त्यांना नेऊन द्यायचे. डॅडींचे पेपर नाहीत, थेट पत्र गेलं तर पोलीस येतील, असं मी तुला सांगितलं होतं, आणि तू कधी थेट पाठवलं नाहीस. तू शहाणी मुलगी होतीस.

मिसेस हॉलिसना वाईट वाटत राहिलं. त्या दर महिन्याला मला पत्र लिहीत, निळ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी. मी ते गुरुवारी टॅक्सीने रुस्ताकला न्यायचे. खजुराच्या बागांतून पाण्याचे पाट जातात, तिथे पाय पाण्यात सोडून डॅडी बसायचे आणि मी मराठीत वाचून दाखवायचे. कोणाच्या घरचं छप्पर उडालं, दुकानातलं पोस्ट बंद झालं, मेंढीला तिळं झालं. ते मध्येच विचारायचे, पबच्या मागे जागा आहे म्हणतात, तिथे कोथिंबीर का लावत नाहीत? आणि शुक्रवारी रात्री मी तेच तुला लिहायचे, डॅडींच्या नावाने. दोन हजार एकमध्ये तिकडे जनावरांना रोग आला, तेव्हा मिसेस हॉलिसनी लिहिलं होतं की बार्करच्या सगळ्या गाई मारून शेतातच जाळल्या, त्याच्या बायकोने खिडक्यांना ओली फडकी लावली, तरी वास आत येतो, आणि आता सकाळी गावात आवाजच नाही. डॅडी ऐकून उठले. त्या दिवशी त्यांनी मटणाला हात लावला नाही. शरीफभाई वैतागले, “अरे लंडन, तिकडच्या गाई मेल्या, इकडचं गिऱ्हाईक जिवंत आहे!” मला तेव्हा कळलं की ते रुस्ताकला फक्त काम करतात. पुढच्या महिन्यात मी पुढचं पत्र नेलं.

पंधराव्या वर्षी तू सुट्टीत मस्कतला आलीस. तुला किल्ला दाखवायला म्हणून मी रुस्ताकला घेऊन गेले, आणि आपण एका हॉटेलात जेवलो. तुला आठवायचं कारण नाही. डॅडींनी आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या बरकाहून सुरमई आणवली होती. आपल्या घरचं कालवण केलं होतं. भिंतीत ताटं सरकवायची खिडकी होती, ते तिच्या मागे होते. मला वाटत होतं, ते बाहेर येतील. त्यांना वाटत होतं, मी हाक मारेन. तू दोन घास खाऊन ताट सरकवलंस, म्हणालीस, किती तिखट आहे, मम्मी, इथे फ्रेंच फ्राइज मिळत नाहीत का? शरीफभाईंनी आत बघून सांगितलं, “लंडन, बटाटा.” त्या बारीक, एकसारख्या कापलेल्या फ्राइज तू सगळ्या खाल्ल्यास. आपण निघताना मी मागे वळून पाहिलं, ते उभ्या उभ्या तुझं उरलेलं कालवण जेवत होते. मी तुला गाडीत बसवलं. आजी गेली तेव्हाही मीच फोनवर सांगितलं की डॅडींचे पेपर अजून झाले नाहीत. तिच्या पेटीपुढे क्रूस तू धरलास. त्या दिवशी ते विमानाने तीन तासांवर होते, खिशात पासपोर्ट होता. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाले. मी त्यांना ढकललं नाही. हेही माझ्याच नावावर धर.

आता जे सांगायचं आहे ते डॅडींनाही माहीत नाही. मिसेस हॉलिस दोन हजार तीनच्या नोव्हेंबरमध्ये गेल्या. साहेबांनी चार ओळींचं कार्ड पाठवलं, ते मी काम करते त्या कुरुमच्या दवाखान्यात, माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. त्या गुरुवारी एक जुनं निळं पत्र पर्समध्ये घातलं, ते उघडून धरलं आणि मनातलं वाचलं. तीन वर्षांहून जास्त मी हेच करते आहे. तू एकदा विचारलं होतंस की डॅडींच्या चर्चचं छप्पर दर वर्षी कसं गळतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं गं. माझ्या कोल्ड मार्स्टनमध्ये तेव्हापासून कोणी मेलं नाही, सगळ्या मेंढ्यांना जुळी झाली. डॅडींची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. जानेवारीपासून ते इथे हमरियाच्या खोलीत पडून आहेत, आठवड्यातून तीनदा मशीनवर नेते. डॉक्टरांनी मला दिवस सांगितले आहेत, ते मी इथे लिहीत नाही. दुखत असलं की ते माझ्याकडे बघत नाहीत, गावात काय चाललंय म्हणतात. मी सांगू लागले की हल्ली मान फिरवतात. त्यांना कळतं, असं मला वाटतं. तू शनिवारी तिथे जाणार हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तिला चांगले बूट घ्यायला सांग. तिथे चिखल असतो.” इलेन, मला माफ कर असं मी म्हणत नाही, आणि इकडे ये असंही म्हणत नाही, तुझा इकडचा व्हिसा निघायला लागेल तेवढा वेळ नाही. तू कोल्ड मार्स्टनला जा. कुंपणं बघ, फुटली का नाही ते बघ. बार्करने पुन्हा गाई घेतल्या का, दुकान उघडं आहे का, कोण कोण मेलं, थडग्यांवरची नावं वाच. आणि परत जाऊन त्यांना एक पत्र लिही, त्यांच्या नावाने, खोलीच्या पत्त्यावर, मराठीत. खरं खरं जे दिसेल तेवढंच. तू तेरा वर्षांचं सगळं फेकून माझ्या तोंडावर मारशील आणि एक ओळही लिहिणार नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्या जागी मीही लिहिली नसती. तरी लिही.

तुझीच,
मम्मी