वजन भरावं म्हणून प्यालेलं पाणी

बाबा, माझं वजन कमी झालं म्हणून विमा कंपनीने माझं वजन कमी करायचं ऑपरेशन नाकारलं. तुम्ही असता तर "नीट सांग" म्हणाला असतात, म्हणून नीट सांगते. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी जाड होते, आजारी नव्हते. आता आजारी आहे. झोपेत माझा श्वास थांबतो. हे मला हलवून उठवतात आणि मी बुडता बुडता वर आल्यासारखी हवा ओढते. साखर गोळ्यांना जुमानत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला जमिनीवर बसले, की उठायला कोणाचा तरी हात लागतो. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की जठर लहान करायचं ऑपरेशन करा आणि फार थांबू नका, एखाद्या वेळी थांबलेला श्वास परत सुरू व्हायचा नाही. आत्याला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "दोन भाकरी कमी खाय नं वं माय, पोट कापून कोन बारीक होते?" तिच्यावर मी रागावले नाही. पंचवीस वर्षं मी स्वतःला हेच म्हणत आले आहे.

उन्हाळ्यात पहिली तारीख मिळाली. त्याआधी काही दिवस फक्त दूध, ताक, वरणाचं पाणी, भाज्यांचं सूप. असं केलं की लिव्हरवरची चरबी उतरते आणि दुर्बीण घालायला जागा होते. मी ते अगदी काटेकोर पाळलं, तुमचीच मुलगी. तारीख जवळ आली आणि हॉस्पिटलमधल्या विम्याच्या टेबलावरच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, कंपनीची क्वेरी आली." क्वेरी म्हणजे शंका. कंपनीला पुरावा हवा होता की मी जाड केव्हापासून आहे. मी म्हटलं, आमच्या लग्नाच्या फोटोत दिसतंय. तो हसला नाही. "फोटो नाही चालत मॅडम, डॉक्टरचं लिहेल पाहिजे." ते आणलं, तर झोपेची तपासणी जुनी झाली होती. ती पुन्हा केली, तर सर्जन परदेशात. ते आले, तर मंजुरीची मुदत संपलेली, आणि मग सगळं पहिल्यापासून. प्रत्येक वेळी मी विचारायचे, जेवण सुरू करू का? आहार सांगणारी बाई म्हणायची, नको, तारीख केव्हाही लागेल. घरात दिवाळीचं तळण झालं आणि मी सूप पीत बसले. मला भीती अशी होती की मी एक घास खाल्ला आणि नेमकी तारीख लागली, तर दोष माझा ठरेल. दोष आपला ठरू नये म्हणून माणूस किती उपाशी राहू शकतो, हे मला या वर्षी कळलं.

नव्या मंजुरीसाठी नवं वजन द्यावं लागतं. उंची आणि वजनाचं एक गणित असतं, त्याचा आकडा ठरावीक रेषेच्या वर असला तरच कंपनी पैसे देते. माझा रेषेच्या जरासा खाली आला होता. श्वास तसाच थांबत होता, साखर तशीच होती, फक्त आकडा पात्र राहिला नव्हता. मी त्या टेबलासमोर उभी होते आणि तो माणूस कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "वजन उतरलं नं मॅडम तुमचं, तेच लफडं झालं."

"मग आता?"

"जेवा."

"म्हणजे?"

"म्हनजे जेवा नं बिनधास्त आठ-दहा दिवस. अन् वजनाच्या दिवशी पोटभर पानी पिऊन या. बाथरूमले जाऊ नका. सगळेच करतात."

बाहेर येऊन मी भिंतीला टेकले तर हे म्हणतात, "काऊन इतकं तोंड पाडून राह्यली? त्यानं चोरी कराले सांगतली का? पानी प्याले सांगतलं." मी म्हटलं, हे खोटं वजन आहे. "मंग खरं वजन घेऊन मराचं हाय का तुले?" मी तशीच बसस्टँडकडे चालायला लागले.

तेव्हापासून तुम्ही नोकरी केलीत ती कापसाची जिनिंग डोळ्यांपुढून हलत नाही. दिवाळीनंतर खामगावच्या त्या फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्या लागलेल्या, आणि काट्याशी तुम्ही. मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन येते आणि बघत उभी राहते. तुम्ही बंडीत कोपरापर्यंत हात घालता, तळातला कापूस काढून गालाला लावता, एक सरकी दाताखाली फोडता. कट् वाजली तर कोरडा. दबली तर तुम्ही मान हलवता, "पानी मारलं भाऊ यावर. घेऊन जा, वाळवून आना." तो माणूस गयावया करतो, दव पडलं म्हणतो, देवाची शपथ घेतो. तुम्ही ऐकत नाही. मला तुमचा केवढा अभिमान वाटायचा! आणि मग तो दिवस, तुम्ही दुपारीच घरी आलात आणि ताटावर बसून नुसते भाताकडे बघत राहिलात. आईने विचारलं तर म्हणालात, "आज गाठी बांधायच्या आधी शेटजीनं सोता रुईवर पान्याचा पाइप धरला. कास्तकारानं मारलं तं पानी, अन् यायनं मारलं तं धंदा." आई म्हणाली, "जेवा आधी." तुम्ही जेवला नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर गेलात. बंड्या परत पाठवत राहिलात. इतकी वर्षं मला यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. एका फाटकातून ओला कापूस परत पाठवायचा आणि दुसऱ्या फाटकातून ओल्या गाठी जाताना बघायच्या, हे तुम्ही निवृत्त होईपर्यंत कसं गिळलंत? आमच्या शिक्षणासाठी, हे मला माहीत आहे. तुमची परीक्षा घ्यायला मी बसलेली नाही. मला खरंच शिकायचं होतं.

वजनाच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी देऊळगाव राजाकडची एक बाई होती. माझ्याएवढीच, आणि तारखांना माझ्याइतकीच कंटाळलेली. तिने पिशवीतून बाटली काढली आणि काढा घ्यावा तसे डोळे मिटून पाणी प्यायला लागली. माझ्या हातातली बाटली तशीच बघून म्हणाली, "प्या बाई, लाजायचं काय त्यात? त्यांना आकडा पायजे, आपल्याला जीव पायजे." मग माझ्या साडीकडे बघून, "जाड काठाची नेसायची ना! मी तर दोन परकर घालून आले." आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती पोटावर हात धरून म्हणाली, "आता हसवू नका, सगळं इथंच व्हईल."

मी प्याले. दोन्ही बाटल्या. शेवटचे घोट घशाशी येत होते आणि मी ते खाली ढकलत होते. काट्यावर उभी राहिले, तर सिस्टरने आकडा पाहिला, माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोडं कमी पडतंय. बाहेर कूलर आहे. पिऊन या, मी थांबते." तिचा आवाज इतका प्रेमळ होता की मला त्याचीच जास्त किळस आली. प्यायला सांगणाऱ्याला माहीत, मोजणाऱ्याला माहीत, लिहिणाऱ्याला माहीत, आणि माझी खात्री आहे की मंजुरी देणाऱ्यालाही माहीत. खरं वजन या सगळ्यात कोणालाच नको होतं. मी कूलरवर जाऊन आणखी दोन ग्लास प्याले आणि वजन भरलं.

मग घरी येऊन नवा घोर लागला. भुलीचं औषध वजनावर ठरतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. फाइलमध्ये तर पाण्याचं वजन. ते बदला म्हणावं तर मंजुरी जाते. न म्हणावं तर टेबलावर काय होईल? दोन दिवस मी यांनाही बोलले नाही. शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तपासणीला गेले तेव्हा दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, ऑपरेशनच्या सकाळी आम्ही आमच्या काट्यावर पुन्हा वजन घेतो. फाइलमधल्या आकड्यावर आम्ही भूल देत नाही." म्हणजे एक काटा कंपनीसाठी आणि एक जिवासाठी, आणि ही व्यवस्था इतकी मुरलेली की माझ्या कबुलीने त्यांचं पेनसुद्धा थांबलं नाही. माझा जीव वाचणार म्हणून मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी त्या खोलीचा, त्या फाइलचा आणि माझ्या हायसं वाटण्याचा वीट आला.

मंजुरी आली आहे. सोमवारी ऑपरेशन. पुन्हा दूध, ताक, सूप. हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील, म्हणून एक गोष्ट लिहिते जी मी डॉक्टरांना सांगितली नाही आणि यांनाही नाही. जेवायला सांगितलं होतं ते आठ-दहा दिवस मी तोंड वाकडं करून ताटावर बसायचे, जणू शिक्षा भोगते आहे. पण पहिल्या दिवशी गरम भाकरीवर कच्चं तेल घातलं, मिरचीचा ठेचा घेतला आणि पहिला घास तोंडात गेला, तेव्हा मी मनातल्या मनात त्या विम्याच्या टेबलावरच्या माणसाला आशीर्वाद दिला. आणि वजन भरलं त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला वाईट वाटत होतं, बाबा, ते खोट्या आकड्याचं नव्हतं. उद्यापासून जेवण बंद, याचं होतं.