राउटरच्या पेटीची भोकं

बा, तुले जाऊन इतके साल झाले का माह्या डोक्याचे केस आता तुह्याहून पांढरे आहेत. आज मी लय भेली, अन भेली का मले अजूनही तुहीच आठवण येते. माही नात, म्हणजे तुही पणती, पुण्याची नोकरी घेऊन कुरखेड्याच्या घरी आली आहे. घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिचा साहेब म्हणे, एक महिना नेट न तुटता चाललं त तिथीच राहा, नाई त परत ये. इथलं नेट काय सांगू तुले, वारा आला का गेलं. म्हणून पोरीनं जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातलं सामान काढून घरीच राउटर बनवलं. नेटची एक तार बंद पडली का ते आपल्या मनानंच दुसरीवर जाते. पोरगी कोणावर गेली कोण जाणे, माह्यावर त नाई, मी तिसरी नापास. पण ते सगळं भिंतीवरच्या लोखंडी रॅकवर उघडं पडलेलं, सोललेल्या कोंबडीसारखं. त्याले पेटी पाहिजे होती. रुंदी रॅकच्या मापाची, अन मागं-पुढं आखूड, नाई त खोलीचं दार तिले आपटते. पोरीनं चंद्रपूर, नागपूर सगळीकडं फोन केले. कुठी हातभर लांब पेटी, कुठी किंमत अशी का ती फोनच ठेवून दे. मीच म्हटलं, "एवढं काऊन शोधून राह्यली? बाजारातला पेट्यावाला आहे ना, नवरीच्या पेट्या बनवते तो."

पेट्यावाला पोरीनं काढलेला मापाचा कागद पाहून म्हणते, "आजीबाई, एवढीशी पेटी? बाहुलीचं लगन आहे का?" मी म्हटलं, "तू पत्रा काप, वरातीत तुलेच नाचवतो." त्यानं कागदावर होती तशी बाजूनं भोकं पण पाडली. पेटी रॅकमध्ये अशी बसली, अशी बसली का मी तिले कुंकू लावलं. पण त्या भोकांनी माह्या जिवाले घोर लागला. भिंतीतून लाल मुंग्या निघतात, पाल फिरते. लहानपणचं अजून मले दिसते, तू आंगणात निखाऱ्यापाशी बसून आहे, पळसाची लाख मऊ करून बियाण्याच्या मडक्याचं भोक बुजवून राह्यला. माह्या बोटाले चटका बसते, तू फुंकर घालते अन वरून रागावते, "भोक लहान आहे तवरच बुजवावं, पोरी. मुंगी काय इचारून येते?" म्हणून आज पोरगी आंघोळीले गेली तवा मी गॅसवर लाख तापवली अन एकेक भोक बुजवलं. तुह्यासारखं, बोटानं गुळगुळीत करून.

दुपारी ती साहेबाशी बोलून राह्यली होती. बोलता बोलता नेट अडकलं, अन कॉम्प्युटरवर साहेबाचं तोंड उघडं ते उघडंच राह्यलं. मंग वास आला. पेटी तव्यासारखी तापलेली, लाख मऊ होऊन खाली लोंबून राह्यली. पोरीनं बटण बंद केलं. वाटलं घर जळते, अन जळलं नाई त पोरगी जाते.

"हे कोणी बुजवलं?"

"मी. मुंग्यांसाठी."

"अवं आजी, त्याले हवा लागते! जळलं असन त मले पुण्याले जावंच लागन."

तिनं डोक्यातली पिन काढली अन खरवडाले बसली. मी सुई घेतली. भोकं मोकळी झाली, पेटी थंड झाली, तिनं बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले. ती हसली तवा उघडले. बारके हिरवे दिवे लुकलुकत होते, अन ती साहेबाले सांगून राह्यली, "सर, लाइट गेली होती." माह्यासाठी खोटं बोलली ना! मी तिथीच तिचा मुका घेतला, साहेबानं पाह्यलं असन त पाहो.

हे पत्र मी टपालात टाकत नाई. तुह्या आताच्या गावचा पत्ता मले ठाव नाई, पाकिटावर लिहाले पोरीलेच सांगा लागन, अन ती आतलं वाचन. लाख खरवडताना तिनं हळूच इचारलं होतं, "आजी, मी गेली त तू एकटी राहशील ना?" राहीन, जा माय, एवढंच म्हणाचं होतं. मी सुई फिरवत राह्यली, जसं काई कानावर पडलंच नाई. पडलं होतं, बा.